कोशकार मेजर टॉमस कँडी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास लांबलचक शब्दांची मोठी भीति वाटते. वस्तुतः लांब शब्द फारसा फसवीत नाहीं. कोश उघडला, अर्थ पाहिला, दोन वेळां घोकला, म्हणजे तो आपला झाला. फसवितात ते लहान शब्द. आणि त्यांतहि नित्याच्या बोलण्यांतलीं क्रियापदें. गेट, पुट, टेक, ब्रेक, सेट, रन हीं क्रियापदें अगदीं आरंभींच्या धड्यांत भेटतात. पण पदवी पदरीं पडली तरी त्यांची पुरी ओळख झाली असें छातीठोकपणें सांगणारा विरळा. एक अर्थ पाठ करून पुढें जावें, तों तेंच क्रियापद निराळा पोशाख करून दारांत उभें! अशा वेळीं आपण इंग्रजी-मराठी कोशाकडे धांव घेतों. त्या कोशांच्या परंपरेचा भक्कम पाया ज्यांनीं घातला, त्या मेजर टॉमस कँडी यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्या पालकांनींहि, एकदां तरी वाचण्यासारखें आहे.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतल्या ईस्ट नॉइल ह्या खेड्यांत झाला. लंडन येथील सेंट पॉलचें भव्य मंदिर उभारणारे शिल्पज्ञ ख्रिस्तोफर रेन यांचाहि जन्म ह्याच गांवचा. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजांत शिक्षण घेऊन कँडी १८२२ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी नोकरींत शिरले व हिंदुस्थानांत आले. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांच्या आंतबाहेर होतें, आणि पेशवाई बुडून अवघीं चार वर्षें झालीं होतीं. कंपनी सरकारचे अंमलदार इंग्रजी बोलणारे व रयत मराठी बोलणारी, अशी स्थिति होती. जमाबंदी असो कीं न्यायकचेरी असो, दोन्ही भाषा जाणणारा मनुष्य मिळाल्यावांचून कारभाराचें पान हालत नसे.

कँडी यांनीं लष्करांत दुभाष्याचें व क्वार्टरमास्टरचें काम केलें. क्वार्टरमास्टर म्हणजे पलटणीच्या मुक्कामाची व सामानसुमानाची व्यवस्था पाहणारा अंमलदार. ह्या दोन कामांत दुभाष्याचें काम अधिक नाजूक. जो मनुष्य एकाचें बोलणें दुसऱ्यास समजावून देतो, त्याला शब्दाची जबाबदारी लौकर कळते. एक क्रियापद चुकीचें पडलें तर मागणाऱ्याचा चोर होतो आणि नम्रपणें नाहीं म्हणणारा उद्धट ठरतो. तरुण कँडी यांच्या मनांत मराठी शब्दांविषयीं जी आस्था उत्पन्न झाली, ती अशा कामांतच वाढली असली पाहिजे.

त्याच सुमारास जेम्स मोल्सवर्थ नांवाच्या दुसऱ्या एका लष्करी अंमलदारांनीं मराठी-इंग्रजी कोशाचें प्रचंड काम हातीं घेतलें होतें. त्यांच्या मदतीस टॉमस कँडी व त्यांचे बंधु जॉर्ज कँडी असे दोघेहि आले. जॉर्ज यांनीं पुढें लष्करी पेशा सोडून धर्मोपदेशकाचा पेशा पतकरला. टॉमस मात्र शब्दांच्या सेवेंतच राहिले. ह्या कामीं मराठी शास्त्री-पंडितांचें एक मंडळ नेमिलेलें होतें. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले प्रभृति विद्वानांनीं तयार केलेला मराठी-मराठी कोश १८२९ सालीं बाहेर पडला, आणि १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या पानावर मोल्सवर्थ यांच्याबरोबर दोघां कँडी बंधूंचींहि नांवें आहेत. शास्त्र्यांचीं नांवें आज फार थोड्यांस ठाऊक असतात. तथापि त्यांच्या जिभेवरील व कानांतील मराठीवांचून हा कोश उभाच राहिला नसता, हें विसरतां कामा नये.

मराठी-इंग्रजी कोशाचें काम करतांना कँडी यांस मराठी क्रियापदांचें पाणी समजलें. आपल्या लागणें ह्या एका क्रियापदाकडेच पाहा. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, झाडाला आंबे लागतात, वाटेंत गांव लागतें, कामाला वेळ लागतो, साखर गोड लागते, पोरास वाईट नाद लागतो, मूल रडूं लागतें, आणि शेवटीं अमका मनुष्य आपला मामाहि लागतो! आपण हें सर्व आईच्या मांडीवर बसून शिकलों, म्हणून त्यांत कांहीं नवल आहे असें आपणांस वाटत नाहीं. परंतु परक्या मनुष्यानें ह्यांतील प्रत्येक वाक्यासाठीं इंग्रजींत निराळें क्रियापद शोधावयाचें म्हटलें, म्हणजे त्याची काय दशा होत असेल, ह्याची कल्पना करावी. इंग्रजी क्रियापदें आपणांस छळतात अशी तक्रार करणाऱ्यानें आपलीं मराठी क्रियापदें दुसऱ्यास किती छळीत असतील, इकडेहि लक्ष द्यावें.

ह्यानंतर उलट बाजूचें काम निघालें. इंग्रजी शब्दांस मराठी प्रतिशब्द देणारा मोठा कोश करावा असें ठरून मोल्सवर्थ यांनीं त्यास आरंभ केला. परंतु प्रकृति बिघडल्यामुळें त्यांस तें काम सोडून स्वदेशीं परत जावें लागलें. अर्धवट राहिलेलें ओझें कँडी यांनीं उचललें. वर्षामागून वर्षें गेलीं, आणि १८४७ सालीं मुंबईस हा इंग्रजी-मराठी कोश पुरा होऊन प्रसिद्ध झाला. त्यावर काम आरंभिणारे म्हणून मोल्सवर्थ यांचें आणि तें चालवून तडीस नेणारे म्हणून कँडी यांचें, अशीं दोन्ही नांवें आहेत. दुसऱ्यानें मांडलेला डाव पुरा करण्यांत नांव थोडें व कष्ट फार असतात. तरी कँडी यांनीं तें काम टाकलें नाहीं.

हें दुसरें काम पहिल्यापेक्षां अवघड कां, तें समजून घेतलें पाहिजे. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजींत सांगतांना चार ओळी वर्णन करून भागतें. पण इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द द्यावयाचा म्हणजे वर्णन उपयोगी नाहीं. वाक्यांत उचलून बसवितां येईल असा नेमका शब्दच हवा. नामांच्या बाबतींत हें पुष्कळ अंशीं साधतें. गाय ती गाय आणि दगड तो दगड. खरी परीक्षा होते ती साध्या क्रियापदांशीं. प्रत्यक्ष इंग्लंडांत सुद्धां कोशकार त्यांच्यापुढें टेकीस आले होते. १७५५ सालीं डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, तेव्हां टेक ह्या एका क्रियापदाचे त्यांस १३४ अर्थ द्यावे लागले. आणि हीं ढिलीं, सैल क्रियापदें कोणत्याहि मर्यादेंत बांधतां येत नाहींत अशी तक्रार त्यांनीं प्रस्तावनेंत केली. पुढें ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १८८४ पासून भागशः निघूं लागला व १९२८ सालीं पुरा झाला. त्याच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद कोणा पंडिती शब्दाची नसून सेट ह्या तीन अक्षरी इंग्रजी क्रियापदाची आहे. कँडी यांच्या हाताशीं ऑक्सफर्डचा कोश नव्हता. आणि त्यांस तर एका भाषेचे अर्थ दुसऱ्या भाषेंत लावून दाखवावयाचे होते.

ह्या कामाचें स्वरूप ब्रेक ह्या क्रियापदावरून स्पष्ट होईल. इंग्रज मनुष्य काठी, काच व दोरा ह्या तिन्हींस एकच क्रियापद लावतो. मराठींत काठी मोडते, काच फुटते आणि दोरा तुटतो. ह्यांची अदलाबदल केली तर शेजारची आजीबाईसुद्धां हंसेल. शिवाय वचन मोडतात, पण उपास सोडतात. चोर घर फोडतो. ढग पांगतात. दिवस उजाडतो. सांथ उद्भवते. दुःखाची बातमी हळूच कानांवर घालतात. इतक्या सर्व ठिकाणीं इंग्रजींत त्या एका क्रियापदाचाच संचार असतो. कँडी यांच्या कोशाची पद्धति अशी कीं, इंग्रजी शब्दाखालीं प्रत्येक अर्थाची लहानशी खूण इंग्रजींतच द्यावयाची, आणि त्या खुणेपुढें त्या अर्थाचे मराठी शब्द मांडावयाचे. म्हणजे शोधणाऱ्यास आपल्या वाक्यांतील अर्थ कोणता, हें आधीं ठरवावें लागतें, आणि मगच शब्द हातीं लागतो. ही पद्धति दिसावयास रुक्ष आहे. पण विचार केल्यावांचून शब्द देऊं नये, असा तिचा कटाक्ष आहे.

रन ह्या क्रियापदाची मौज तर आपल्या नाशिक शहरांतल्या रोजच्या गोष्टींवरूनहि दाखवितां येईल. घोडा धांवतो, गोदावरी वाहते, घड्याळ चालतें, रस्ता त्र्यंबकेश्वराकडे जातो, एकजण पेठेंत दुकान चालवितो, दुसऱ्याच्या धुतलेल्या सदऱ्याचा रंग उतरतो, आणि सर्दी झालेल्या मुलाचें नाक वाहतें. इंग्रजींत ह्या सर्वांस तें एकच क्रियापद चालतें. क्रिकेटच्या मैदानावर मात्र त्याचें नाम होतें व आपण त्यास धाव म्हणतों. अमेरिकेंतील उमेदवार निवडणुकीसाठीं धांवतो असें तिकडे म्हणतात. इंग्लंडांतील उमेदवार मात्र आपल्या मराठी उमेदवाराप्रमाणें उभा राहतो. एकाच इंग्रजी भाषेंत देश बदलल्याबरोबर क्रियापद बदलतें, मग मराठींत येतांना तें बदललें तर त्यांत नवल काय?

ह्या क्रियापदांस आणखी एक खोड आहे. त्यांच्या पाठीमागें एखादें लहानसें अव्यय येऊन चिकटलें कीं त्यांचा स्वभावच पालटतो. गिव्ह म्हणजे देणें हें पहिलीच्या मुलासहि ठाऊक असतें. पण त्याच्या पुढें अप आलें कीं नाद सोडणें होतें, आणि इन आलें कीं हार मानणें होतें. पुट म्हणजे ठेवणें. पण ऑफ लागलें कीं लांबणीवर टाकणें, ऑन लागलें कीं अंगांत घालणें, आणि आऊट लागलें कीं विझविणें. आपल्या भाषेंत हेंच काम दुसरें क्रियापद जोडून होतें. खाऊन टाकणें, खाऊन घेणें आणि खाऊन पाहणें ह्या तिहींत खाणें एकच असलें तरी खाणाऱ्याचा मनोभाव निराळा आहे. दोन्ही भाषांची युक्ति अशी वेगळी असल्यामुळें सुटे शब्द घोकून भागत नाहीं. सबंध वाक्याचा संप्रदाय ओळखावा लागतो. कँडी यांस हें पक्कें समजलें होतें. कोशावर न थांबतां त्यांनीं भाषणसांप्रदायिक वाक्यें ह्या नांवाचें पुस्तक १८५८ सालीं काढलें, तें ह्याच समजुतीचें फळ होय.

कोशाचें काम चालू असतांनाच कँडी यांच्या आयुष्यास शिक्षणाचें वळण लागलें. पुण्यास विश्रामबागवाड्यांत १८२१ सालीं सरकारनें संस्कृत पाठशाळा स्थापन केली होती. १८३७ सालीं तिच्या देखरेखीचें काम कँडी यांच्याकडे आलें. पुढें १८५१ सालीं ही पाठशाळा व पुण्याची इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघालें, तेव्हां त्याचे प्रमुखहि तेच होते. आज डेक्कन कॉलेज ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली संस्था त्यांतूनच वाढली. कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्याच पाठशाळेंत शिकले. संस्कृताचा अभ्यास झाल्यावर त्यांनीं इंग्रजी शिकून घेतलें, आणि अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणून घरोघर पोंचविल्या. परशुरामपंत गोडबोले यांनीं जुन्या मराठी कवितेचे वेंचे नवनीत ह्या ग्रंथांत १८५४ सालीं एकत्र केले, तेहि ह्याच मंडळींच्या सहवासांतले. शास्त्री संस्कृत व मराठी जाणणारे, साहेब इंग्रजी जाणणारे; एकमेकांच्या भाषेचे दोघेहि विद्यार्थी होते.

कँडी यांची आणखी एक देणगी अशी आहे कीं ती आपण प्रत्येक ओळींत वापरतों आणि तिची आठवण मात्र ठेवीत नाहीं. पूर्वींच्या मराठी लिखाणांत, विशेषतः मोडी कागदांत, शब्दांची ओळ अखंड चाले. वाक्य कोठें संपलें, प्रश्न कोठें केला, हें वाचणाऱ्यानें आपल्या बुद्धीनें ओळखावें. छपाईचीं पुस्तकें शाळेंतील लहान मुलांच्या हातीं आलीं, तेव्हां ही अडचण फार जाणवूं लागली. कँडी यांनीं विरामचिन्हांची परिभाषा हें पुस्तक १८५० सालीं प्रसिद्ध करून स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह इत्यादि चिन्हें मराठींत रुजविलीं. आज परीक्षेच्या उत्तरांत पूर्णविराम विसरल्याबद्दल ज्याचा गुण कापला जातो, त्यानें कँडीसाहेबांवर रागावण्यास हरकत नाहीं. परंतु त्या ठिपक्यावांचून सबंध पान मोठ्यानें वाचून पाहावें, म्हणजे राग आपोआप शांत होईल.

एवढें असूनहि कँडी यांचें नांव मराठींत निर्भेळ कौतुकानें घेतलें जात नाहीं, आणि चरित्र खरेपणानें सांगावयाचें तर ही बाजू झांकतां येत नाहीं. शालेय पुस्तकें व सरकारी भाषांतरें तपासण्याचें काम त्यांच्याकडे होतें. मराठी लेखकांनीं लिहिलेलें मराठी बरोबर कीं चूक, ह्याचा निवाडा इंग्रज मनुष्यानें करावा, ही गोष्ट पुष्कळांस खटकली. आणि ती खटकण्याजोगीच होती. त्यांच्या देखरेखीखालीं झालेल्या पुष्कळ लिखाणांत प्रत्येक शब्द मराठी असूनहि वाक्याचा सांगाडा इंग्रजी राहिला, असा आक्षेप घेण्यांत आला. कृष्णशास्त्र्यांचेच चिरंजीव विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं निबंधमाला सुरू करून असल्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले. ज्या पाठशाळेंत वडील शिकले, तिच्या अधिकाऱ्यानें पाडलेल्या वळणावर मुलानें शस्त्र धरावें, हा काळाचा चमत्कार म्हणावयाचा. परंतु भाषा जिवंत असल्याची ती खूणहि आहे.

ह्या आक्षेपांत मोठा बोध आहे. ब्रेक ह्या क्रियापदाला कोणकोणते मराठी शब्द शोभतात, हें कँडी यांच्याइतक्या बारकाईनें त्यांच्या काळीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तरी पण शब्द जाणणें निराळें आणि भाषा अंगीं मुरलेली असणें निराळें. शास्त्र्यांस जें कान देऊन कळे, तें त्यांस पुस्तक उघडून पाहावें लागे. तीस-चाळीस वर्षें झटलेल्या विद्वानासहि जें पुरतें साधलें नाहीं, तें मराठी घरांत जन्मलेल्या मुलास फुकट मिळालेलें असतें. मात्र फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत मनुष्यास राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आयुष्याच्या अखेरपर्यंत कँडी यांचा मराठीशीं संबंध सुटला नाहीं. २६ फेब्रुवारी १८७७ रोजीं महाबळेश्वर येथें त्यांचें देहावसान झालें. सतराअठरा वर्षांचा पोरगा होऊन जो ह्या देशांत आला, त्यानें बाहत्तर वर्षांचा वृद्ध होऊन सह्याद्रीच्या माथ्यावर डोळे मिटले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेलें काम मात्र पुढें चालूच राहिलें. मोल्सवर्थ यांच्या कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालींच निघाली होती. तिचा संक्षेप बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं केला. आणि आज शिकागो विद्यापीठानें ती संगणकावर कोणासहि पाहतां येईल अशी करून ठेविली आहे. कोशकार जातात, शब्द राहतात.

विद्यार्थीमित्रांनो, ह्या चरित्रापासून भाषांतराच्या तासाला उपयोगी पडेल असें कांहीं घ्यावयाचें असेल तर तें हें. वाक्यांत ओळखीचें क्रियापद दिसलें कीं पाठ केलेला पहिलाच अर्थ त्याच्या गळ्यांत बांधूं नका. आधीं सबंध वाक्य वाचा. क्रियापदाचा कर्ता कोण, कर्म कोणतें, पाठीमागें कोणतें अव्यय आलें आहे, तें पाहा. मग डोळे मिटून स्वतःस विचारा कीं, हीच गोष्ट आपली आजी कशी सांगेल? ती काठी फोडणार नाहीं आणि काच मोडणार नाहीं. एवढें झाल्यावर कोश उघडा. तो तुम्हांस खात्रीनें मदत करील.

आणि पालकांस एक विनंति आहे. मुलांचें इंग्रजी सुधारावें म्हणून घरांतलें मराठी बोलणें कमी करावें, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांत दिसून येते. कँडी यांच्या आयुष्यावरून तिच्या उलट निष्कर्ष निघतो. इंग्रजी क्रियापदाचे दहा अर्थ वेगळे करून दाखविण्यास त्यांस आपल्या मराठीचीच सोडणें, तोडणें, मोडणें व फोडणें अशीं क्रियापदें हातांत घ्यावीं लागलीं. ज्या मुलाजवळ हीं क्रियापदें नाहींत, त्याला इंग्रजीचे ते दहा अर्थ एकसारखेच दिसतील. तेव्हां संध्याकाळीं दिवे लागल्यावर मुलांशीं मनसोक्त मराठी बोला, त्यांस गोष्टी सांगा, म्हणी सांगा. इंग्रजी शिकविण्याचें निम्में काम तेथेंच होऊन जाईल. उरलेलें निम्में काम शाळा करील.